जप्त केलेली तापमुळी

वनखात्याच्या तपासणी नाक्यावर त्या सकाळी साहेब स्वतः उभे होते, आणि नेमक्या तेव्हाच डोक्यावर पोतं घेऊन सासूबाई उतरणीवरून येताना दिसल्या.

सून तिथेच वनरक्षक होती; ती पुढे होऊन वाटेत उभी राहिली. खाणीने अर्धा डोंगर पोखरल्यापासून तापावरची औषधी तापमुळी उरली होती फक्त कड्याखाली. तिथे खणायला बंदी होती. घरी जेवताना तिने हे दहादा सांगितलं होतं.

"पोतं उतरवा."

"पाला आहे गं, शेळीला."

तिने पाल्यात हात घातला. बोटांना ओली मुळं लागली. हात तसाच बाहेर काढला असता, तर कुणाला पत्ताही लागला नसता.

"तापमुळी आहे, साहेब. चाळीसेक मुळ्या."

"घरचीच सून ना तू?" सासूबाई एवढंच म्हणाल्या. सुनेची मान वर होईना.

साहेबांनी पंचनामा लिहायला घेतला. "माल गोदामात टाका."

"गोदामात?" म्हातारी उसळली. "दुपारच्या आत मातीत गेली नाहीत तर मेली समजा! विकायला नाही नेत मी. उद्या कड्याला सुरुंग लावतायत. तुमच्या बंदीचा कागद सुरुंगाला वाचता येतो का?"

साहेबांनी खाणीवर फोन लावला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. सुरुंगाची गोष्ट खरी होती.

"मला का नाही सांगितलंत, आई?"

"तू अर्ज लिहायला बसली असतीस."

ऊन वाढत होतं. सून पुढे झाली. "साहेब, माल नाक्यामागच्या वाफ्यात ठेवला असं लिहा. जप्तच राहील, पण जिवंत."

"मेला तर नोकरीवर येईल तुमच्या."

"येऊ दे."

साहेबांनी पंचनाम्यातलं 'गोदाम' खोडलं. वर 'वाफा' लिहिलं.

दोघींनी माती उकरली. "कोंबाचा डोळा वर. तिरकी लाव. दाबू नकोस इतकी, गळा आवळतेयस का तिचा?" सासूबाई ओरडत होत्या, सून तसतशी लावत होती. दुसऱ्या दिवशी सुरुंग उडाले तेव्हा नाक्याची खिडकी थरथरली. कड्याकडे पाहायची दोघींचीही हिंमत झाली नाही.

तीन आठवडे वाफा मुका होता. साहेब रोज डोकावून जात. चौथ्या आठवड्यात कोंब दिसले. एकोणीस.

खटला मात्र मागे घेतला गेला नाही. तारखेला सासूबाईंना सूनच घेऊन जाते. कोर्टाबाहेरच्या बाकावर दोघी शेजारी बसतात, आणि वाफ्याला पाणी किती घालायचं यावरून भांडतात.