एकाच ताग्यातले

मालिनीबाईंनी सतरंजीवर कापड पसरलं आणि ते हलू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली. एकावर इस्त्री, दुसऱ्यावर वरवंटा, तिसऱ्यावर बेदाण्यांची बरणी आणि चौथ्यावर आठ वर्षांची वल्लरी.

"हलायचं नाही हं," त्यांनी नातीला बजावलं. "तू इस्त्री आहेस."

"इस्त्री तर तिकडे आहे. मी वरवंटा."

"तोही तिकडे आहे. गप्प बस, बाई."

आकाशी रंगाचं कापड होतं, त्यावर पांढऱ्या बारीक रेघा. दिवाळी अजून पंधरा दिवसांवर होती, नाताळ तर अडीच महिने लांब. स्वयंपाकघराच्या दारात पीठ भरल्या हातांनी सून उभी होती. स्नेहल हसत म्हणाली, "आई, लोकांचे आकाशकंदील अजून दुकानात आहेत आणि तुमचा नाताळ निघाला?"

"निघाला काय, एप्रिलमध्येच निघालाय." मालिनीबाईंनी बरणीकडे बोट दाखवलं.

ते खरंच होतं. द्राक्षांचा हंगाम सरत आला की निफाडहून घडातून गळालेले मणी स्वस्तात यायचे. ते मालिनीबाई गच्चीवर जुन्या लुगड्यावर वाळवायच्या, आणि डिसेंबरातल्या केकात तेच बेदाणे पडायचे. संत्र्याच्या साली साखरेत मुरवलेल्या, चर्चमधल्या मेणबत्त्यांची उरलेली बुडं वितळवून केलेल्या नव्या मेणबत्त्या, चांदणीचा बांबूचा सांगाडा तर नऊ वर्षांचा, फक्त कागद नवा. विकतचं आणायला काय लागतं, असं त्या म्हणायच्या. पण मग ते सगळं दुकानदाराच्या हातचं होतं, आपल्या हातचं काय राहिलं?

आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे हे कापड. पगाऱ्यांच्या घरी नाताळचे कपडे एकाच ताग्यातले, ही सासूबाईंपासूनची रीत. त्या काळी ते स्वस्त पडायचं म्हणून. आता सवयच लागली होती. नाताळच्या सकाळी उपासनेला पगाऱ्यांचा अख्खा बाक एकाच कापडात बसायचा. पुरुषांचे शर्ट, सुनेचा कुडता, नातीचा फ्रॉक आणि मालिनीबाईंचं साडीखालचं पोलकंसुद्धा. शरणपुरातली टवाळ पोरं म्हणायची, "आला पगाऱ्यांचा बँड!" एका वर्षी तर पाळकसाहेबांनीच विचारलं होतं, "मालिनीताई, घरात पडदे शिल्लक आहेत ना?" मालिनीबाई सगळ्यांबरोबर हसल्या होत्या. पण बाकावर ओळीने बसलेली आपली माणसं तिरक्या नजरेने मोजताना त्यांना जे सुख व्हायचं, ते कुठल्या रेशमात नव्हतं.

गेली दोन वर्षं त्या मोजत नव्हत्या.

"अहो, या आता," त्यांनी आतल्या खोलीकडे पाहून हाक मारली. "कात्री लावायचीय."

दाविदराव बाहेर आले. सातपूरच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी विभागात काढलेला माणूस. दांडा केसभर कमी भरला तरी त्यांना नुसत्या नजरेने कळायचं, आणि निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ती नजर निवृत्त झाली नव्हती. भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं दिसायचं, स्नेहलची पोळी अंडाकृती दिसायची. बिचारी स्नेहल! त्यांच्या पानात वाढताना ती पोळीची घडीच घालून वाढायची. हे कापडही त्यांनीच मोजून आणलं होतं, पाच माणसांपुरतं, वर एक वीत नाही.

सासूबाईंची आणखी एक शिस्त होती. कापडाला कात्री लावण्याआधी घरातल्या कर्त्या माणसाने प्रार्थना करायची आणि ज्याच्या-ज्याच्या अंगावर ते चढणार त्याचं नाव घ्यायचं. नाव घेतल्याशिवाय कापायचं नाही.

दाविदरावांनी डोळे मिटले. "प्रभू, हे कापड तू दिलंस. मालिनी, शेखर, स्नेहल, वल्लरी, आणि मी तुझा दास दाविद..." इथे ते थांबले. मालिनीबाईंनी श्वास धरला. "...आम्हांला हे सुखाने लाभू दे. आमेन."

"आमेन," वल्लरी ओरडली आणि कोपऱ्यावरून उठून पळाली.

दाविदरावांनी खुंटीवरची पिशवी घेतली. "सातपूरला जाऊन येतो. पेन्शनचं काम आहे."

"बाबा, आज शनिवार," स्नेहल आतून म्हणाली. "ऑफिस बंद असेल."

"युनियनचं ऑफिस उघडं असतं," ते म्हणाले आणि चपला घालून निघालेसुद्धा.

"दर शनिवारी कसलं काम निघतं हो यांचं?" स्नेहलने विचारलं.

"माणसाला चार ओळखीचे चेहरे बघावेसे वाटतात," मालिनीबाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष कापडात होतं. "आणि येतात ते तिकडेच काहीतरी अरबट-चरबट खाऊन. रात्री जेवत नाहीत. तू शनिवारी त्यांची पोळी करूच नकोस."

दुपारी स्नेहल आडवी झाली तशी मालिनीबाईंनी कपाटामागून कागदांची गुंडाळी काढली. घरातल्या प्रत्येकाच्या मापाचे खाकी कागद त्यांनी कापून ठेवलेले होते. थोरल्या शेखरचा शर्ट, कुडता आणि फ्रॉक बेतून, कापून बाजूला ठेवले. दाविदरावांचा शर्ट मात्र त्या नेहमी शेवटी कापायच्या. पूर्ण बाह्या, दुहेरी कफ, दोन्ही गुंड्या लावलेल्या. वर्षातून एकदा त्यात ते साहेबासारखे दिसायचे. त्याचे नुसते खडूने आकार काढून ठेवले. मग गुंडाळीतला सगळ्यात आतला कागद काढला. त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, आल्हाद.

धाकटा. तीन वर्षांपूर्वी दाविदरावांनी शब्द टाकून त्याला आपल्याच कारखान्यात चिकटवलं. उभ्या जन्मात त्यांनी कुणापाशी शब्द टाकला नव्हता. पाचव्या महिन्यात पोराने घरी न सांगता नोकरी सोडली आणि त्याच कारखान्याच्या गेटसमोर अंडाभुर्जीची गाडी लावली. दाविदरावांना हे कळलं ते गेटवरच्या वॉचमनकडून. नाताळच्या दुपारी, सगळे पानावर बसलेले असताना ते फुटले. "ज्या गेटातून मी मान वर करून बाहेर पडलो, तिथे माझा मुलगा अंडी फोडतो! माझी इज्जत तव्यावर घातलीस!" आल्हाद म्हणाला, "चोरी नाही करत, बाबा." आणि अर्ध्या जेवणावरून उठून गेला, नवा शर्ट अंगात तसाच. सातपूरलाच खोली घेऊन राहिला.

आईला तो दर रविवारी फोन करायचा. व्हिडिओवर चेहरा दिसायचा तेवढाच. कधी कपाळच दिसायचं. मागच्या रविवारी मालिनीबाईंनी धीर करून विचारलं होतं, "यंदा येतोस ना रे?" तो म्हणाला, "बाबांनी बोलावलं तर येतो. तू बोलावलंस म्हणून नाही येणार, आई. तुलाच मग दोघांकडून ऐकावं लागतं."

पोरगं शहाणं, बापही शहाणा, आणि दोघांच्या शहाणपणात आईचा जीव टांगणीला! मालिनीबाई त्या दोघांवर मनातल्या मनात चिडल्या आणि तो कागद कापडावर ठेवला.

आपल्या पोलक्याचं कापड त्यांनी आधीच मनातून सोडून दिलं होतं. मागच्या साली जांभळं शिवलं होतं, तेच घालतील. पदराखाली कोण बघतं? वल्लरीच्या झालरीतून एक पट्टी वाचवली. पाठ बसली. पुढचे दोन भाग बसले. कॉलर आडवी घालून निघाली. बाह्या मात्र बसेनात. कागद उभा ठेवला, आडवा ठेवला, उलटा केला. एक बाही बसायची, दुसरी मनगटापाशी कापडाबाहेर जायची. गुडघ्यांवर रांगत त्यांनी त्या कापडाभोवती चार फेऱ्या मारल्या. शेवटी खडू खाली ठेवून त्या मटकन बसल्या. कापड पुरलं असतं तर निदान शर्ट तयार असता. शर्ट तयार असता तर डिसेंबरात यांच्यासमोर ठेवून म्हणता आलं असतं, हा बघा, शिवून ठेवलाय, आता काय ते तुम्ही ठरवा. एका बाहीपायी तेवढंही म्हणता येणार नव्हतं. त्यांना रडूच आलं. पण रडायचं तर कापडावर डाग पडायचे, म्हणून पदराने डोळे पुसून त्यांनी पुन्हा टेप उचलली.

"शेखरचा एवढा कसा लहान?"

दाविदराव दारात उभे होते. नेहमीपेक्षा तासभर लवकर आले होते.

मालिनीबाईंनी खाकी कागद झाकायला हात पुढे केला, मग मागे घेतला. लपवायचं काय? एकतीस वर्षं तपासणी केलेला माणूस समोर उभा. "शेखरचा नाही," त्या म्हणाल्या. "माझं पोलकं नको मला. त्यातून काढतेय. तुम्ही मोजून आणलंत त्याच्यावर एक दोरा लागणार नाही."

दाविदरावांनी पिशवी खुंटीला अडकवली, चपला भिंतीशी सरळ लावून ठेवल्या. मग सतरंजीच्या कडेला येऊन, कमरेवर हात ठेवून खडूच्या रेघा बघत राहिले.

"हे माप चुकलंय," ते म्हणाले.

"त्याचंच आहे. मी घेतलंय, माझ्या हाताने."

"तेव्हा घेतलंस." ते हळूच खाली बसले. "खांद्याला अर्धा इंच सोड. पोटात दोन इंच जास्त धर. सुटलंय पोट."

मालिनीबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"आणि एवढ्या लांब बाह्या कशाला?" ते कापडाकडे बघतच बोलत होते. "आखूड ठेव, कोपराच्या वर. दिवसभर तव्यापाशी उभा असतो तो."

आत कुठेतरी स्नेहलच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"कधी बघितलंत त्याला?" मालिनीबाईंनी विचारलं.

"शनिवारी."

"कुठल्या?"

दाविदरावांनी कापडावरची एक सुरकुती तळहाताने सपाट केली. "समोर बसथांबा आहे. तिथे सावलीत बसतो. बसायला काय, कुणीही बसतं."

"बोललात?"

"नाही. पहिले दोन-तीन शनिवार त्याने बघून न बघितल्यासारखं केलं. मग एकदा रस्ता ओलांडून आला, प्लेट बाकावर ठेवली आणि गेला. एक शब्द नाही. तेव्हापासून दर वेळी ठेवतो."

"आणि तुम्ही खाता?"

"मग काय, टाकून देऊ? अन्न आहे." ते चिडल्यासारखे म्हणाले. मग आवाज खाली आला. "गर्दी असते, मालिनी. आपल्या डिपार्टमेंटची पोरं रांग लावून उभी असतात. सगळ्यांना सारखी प्लेट. मी बघितलंय, चमच्याचा फरक नाही."

मालिनीबाईंना हसू आलं आणि त्याच हसण्यातून डोळे भरून वाहायला लागले, आणि यावेळी त्यांनी कापडाची फिकीर केली नाही. केवढा हा माणूस! रात्रीची पोळी नको म्हणायचा आणि मालिनीबाई सुनेला वेड्यासारख्या सांगत बसायच्या, अरबट-चरबट खाऊन येतात म्हणून.

"पण पोटात दोन इंच धरले तर मग कापड..." त्यांनी नाक ओढत टेप लावली. "बाह्या निघतील. घेराला कमी पडतंय."

"माझा कापलास?"

"तुमचा शेवटी. नुसता आखलाय."

"त्याच्याही बाह्या आखूड कर. त्यात निघेल, आणि तुझं पोलकंही निघेल. बघ लावून."

"तुमच्या? आणि कफ?"

"थंडी वाजली तर स्वेटर आहे," दाविदराव म्हणाले.

त्यांनी लावून पाहिलं. दोन्ही शर्टांच्या बाह्या कोपराशी थांबवल्या, कागद सरकवले, आणि पोलक्यापुरता तुकडा अगदी काठोकाठ उरला. जुन्या रेघा पुसून मालिनीबाईंनी नव्या काढल्या, खांद्याला अर्धा इंच, पोटाला दोन. मग कात्री उचलली आणि पाठीच्या कडेला टेकवली.

"थांब," दाविदराव म्हणाले.

मालिनीबाईंनी कात्री मागे घेतली. बदललं यांचं मन, त्यांना वाटलं. घडीभराचाच होता पाझर.

दाविदरावांनी चष्मा काढून कापडावर ठेवला आणि हात जोडले.

"सकाळी याचं नाव घ्यायचं राहिलंय," ते म्हणाले. "स्नेहल आणि वल्लरीलाही हाक मार."