घटातले पिवळे कोंब

घटातले गव्हाचे कोंब वीतभर वाढले होते, पण त्यांच्यात हिरवा रंग कुठेच नव्हता. देवघराला खिडकी नव्हती. मॅट्रिक झालेल्या दुर्गाने समई जवळ सरकवून ते नीट पाहिले.

तिचे वडील केदारी शहापुरातले विणकर. नवरात्रात घट उंच आला तर देवीचा कौल समजून निपाणीच्या तंबाखूवाल्यांना लग्नाचा होकार द्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. तिकडचा माणूस ओसरीवर येऊन बसला होता. दुर्गा अजून हो-नाही काहीच बोलली नव्हती.

"बघ की, सोन्यागत पिवळा! लई जोमात आलाय," बायाक्का आत्या म्हणाली.

दुर्गाने मागाजवळच्या खिडकीतली परडी आणली. तिच्यात त्याच दिवशी, तेच गहू पेरले होते. हे कोंब बोटभर, हिरवे आणि ताठ होते.

"हे तर खुजंच ऱ्हायलं गं!"

"ह्यास्नी उजेड मिळाला, आत्या. घटातले उजेड हुडकत नुसते लांबलेत. त्यो जोम न्हाय."

केदारींनी ओसरीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मग तुझं म्हणणं काय?"

दुर्गाने आवाज खाली आणला नाही.

"आप्पा, मी निपाणीला जाणार न्हाय. मला पुढं शिकायचंय."