पहिल्या बाकावरचे कान

कुजबुज ऐकू आली नाही तर अर्विनची शाळेच्या बसवरची ड्रायव्हरची नोकरी जाणार, आणि नोकरी गेली की बायकोचं, मार्लिसचं, औषध. तिच्या कॅन्सरच्या गोळ्या त्याच्याच नोकरीच्या विम्यावर चालल्या होत्या. म्हणून सत्तरी उलटल्यावरही तो दरवर्षी कानांच्या तपासणीला जीव मुठीत धरून जाई. कानातलं यंत्र आता नुसतं शोभेला उरलं होतं.

नियम असा, की डॉक्टरने पाठीमागे जरा लांब उभं राहून कुजबुजायचं आणि ड्रायव्हरने ते ऐकून म्हणून दाखवायचं. डॉक्टर हॅल्व्होर्सन पडले चर्चमधले दोस्त. वर्षानुवर्षं ते चर्चच्या जेवणातल्या एकाच पदार्थाचं नाव कुजबुजत. अर्विनने थोडा वेळ जाऊ दिला आणि ठोकून दिलं, "बटाट्याचं हॉटडिश!"

डॉक्टर समोर आले. "तुझे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत की रे!" असं म्हणत त्यांनी सही केली. भला माणूस! असल्या भलेपणाला काय म्हणावं?

दुसऱ्या दिवशी सकाळी नॉर्थ डकोटातल्या त्या बीटच्या शेतांवर गच्च धुकं होतं. रस्त्याला आडव्या जाणाऱ्या रेल्वेच्या रुळांपाशी ना फाटक, ना दिवा. रिवाजाप्रमाणे अर्विनने बस थांबवली, दार उघडलं, हात वर केला. पोरं चिडीचूप झाली. आता ड्रायव्हरने कानोसा घ्यायचा. अर्विन मात्र पहिल्या बाकावरच्या टेसाकडे बघायचा. पोरगी चलाख, तिला न सांगता सगळं कळलं होतं. रूळ मोकळे असले की ती मान हलवी. आज ती तापाने घरी होती आणि तिच्या जागेवर तिची धाकटी बहीण जोनी बसली होती. तिने ऐटीत मान हलवली.

अर्विनने बस सोडली. सहज आरशात नजर गेली, तर मागच्या सगळ्या पोरांची तोंडं वासलेली. आवाज एकाचाही नाही. त्याने ब्रेक दाबला आणि बसच्या नाकासमोरून मालगाडी गेली. त्याला तिचा आवाज नाहीच, फक्त सीटखालची थरथर जाणवली.

जोनी रडत होती. त्याने तिच्या ओठांवर डोळे लावले.

"टेसा हलवते ना, म्हणून मी पण हलवली, मिस्टर अर्विन."

इतकी वर्षं आपण कुणाला फसवत होतो, ते त्याला आता दिसलं. त्याने बस मागे घेतली, किल्ली काढली आणि वायरलेस उचलला.

"दुसरा ड्रायव्हर पाठवा. मला ऐकू येत नाही."

पलीकडून कुणीतरी बरंच काही विचारलं असावं. मार्लिसला घरी जाऊन काय सांगायचं, या विचाराने त्याला रडू फुटलं. आपण किती मोठ्याने रडतोय, ते त्याला कळत नव्हतं. त्याने हात वर केला नव्हता, तरी पोरं पुन्हा चिडीचूप झाली होती.