वरची खोली

सराव परीक्षेचा गणिताचा पेपर सरांनी मुद्दाम महाकठीण काढला होता. "इथे रडलात तर खऱ्या परीक्षेत हसाल," असं ते दरवर्षी म्हणतात. मी रडले. माझी चुलत बहीण मात्र हसतच बाहेर आली. शेवटचं प्रमेय तिनं सोडवलं होतं, मी नुसती त्याच्याकडे बघत बसले होते.

एरवी मी गिळलं असतं, पण त्या परीक्षेवर आमच्या घरात वरची खोली पणाला लागली होती. खाली बाबा आणि काकांचं शिवणकामाचं दुकान, मागे स्वयंपाकघर, आणि वर एकच छोटी खोली. तिला दार आहे, टेबल आहे आणि तिथं शांतता आहे. आम्हा दोघींना एकत्र बसवलं की अभ्यास कमी, भांडण जास्त. म्हणून काकांनी निवाडा दिला होता, "सरावात जिचे मार्क जास्त, तिला परीक्षा संपेपर्यंत खोली."

बाईसाहेब तीन मार्कांनी पुढे गेल्या. बाईसाहेब हे नाव मी ठेवलंय, तिच्यासमोर घेत नाही.

मला कापड बेतायच्या टेबलाचं टोक मिळालं. एका बाजूला बाबांचं मशीन, दुसऱ्या बाजूला काकांचं, मध्ये मी आणि भूमिती. सगळा दिवस खडखड. गिऱ्हाईकं माप देता देता म्हणायची, "पोरगी हुशार दिसते." हुशार पोरगी वर बसली होती. काकू तिचा चहा वर नेताना चपला काढून पायऱ्या चढायची, आवाज नको म्हणून. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिचं काहीतरी बिनसावं असंही वाटायचं, खोटं कशाला बोलू?

परीक्षेच्या पहिल्याच दिवशी शाळेशेजारच्या इमारतीत फरशी कापायचं यंत्र सुरू होतं. खिडक्या लावून घेतल्या, तरी काही उपयोग झाला नाही. माझं तर तिकडे लक्षही गेलं नाही, मी लिहीत सुटले. पुरवणी मागायला मान वर केली, तर पुढच्या बाकावर ती दोन्ही कानांवर हात दाबून बसली होती. पेन बाजूला पडलं होतं. देवाशपथ, मला बरं वाटलं.

संध्याकाळी ती पुस्तकं घेऊन दुकानात उतरली. डोळे सुजलेले.

"तू वर जा. मला इथं बसू दे."

"का?"

"परवा गणित आहे. ते काम अजून चालणार आहे, मी विचारून आले. मला आवाजाची सवय करायचीय."

जिच्यासाठी इतके दिवस जीव जळला, ती खोली आयती समोर आली होती. आणि मला राग आला. खडखड सोसून जागा मी तयार केली, आणि आता आयत्या बिळावर हा नागोबा.

बाबांनी मशीन थांबवलं. काकांनीही. दोघं माझ्याकडे बघत होते. त्या शांततेत मला समोरची ओळसुद्धा वाचता येईना.

"बाबा, मशीन चालू करा," मी म्हणाले. मग तिला म्हटलं, "बस. पण आधी ते शेवटचं प्रमेय समजावून सांगायचं."

मी सरकले. थोडीच. उजेडाची बाजू काही सोडली नाही.