बावीस मिनिटं

बटण हे कुत्र्याचं नाव. त्याचे मालक शिंपी, मी त्यांना काका म्हणते, आता दुकान बंद करून घरी बसलेले. पिल्लू असताना हा मशीनच्या पायट्याशेजारी झोपायचा आणि एकदा त्याने कोटाचं एक बटण खरंच गिळलं, तेव्हापासून बटण. आता तो तेरा वर्षांचा आहे आणि त्याचं हृदय त्याच्या अंगाला पुरत नाही.

मी कुत्री फिरवते. हे वाक्य न अडखळता म्हणायला मला दोन वर्षं लागली. त्याआधी पंधरा वर्षं मी पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत होते. ती बंद पडली. आई अजूनही शेजारणींना सांगते, "ती प्राण्यांवर काहीतरी संशोधन करते." मी तिला दुरुस्त करत नाही. सकाळी बाहेर पडताना मी फक्त पिशवी चाचपते. पट्टे, घाण उचलायच्या पिशव्यांचं भेंडोळं, पाण्याची बाटली, वही.

वही कुणी मागितली नव्हती. पंधरा वर्षांची सवय, दुसरं काय. कोण किती वाजता बाहेर पडला, किती चालला, कुठे अडला. कुत्र्यांना ठरलेल्या वाटा असतात आणि ठरलेली वेडंही असतात. एकाला मी इन्स्पेक्टर म्हणते. तो रस्त्यावरच्या प्रत्येक उभ्या गाडीचं मागचं डावं चाक हुंगतो. डावंच. उजव्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. दुसरा जावईबापू. त्याला दारातून तीनदा बोलवावं लागतं, दोनदा बोलावून तो हलत नाही आणि चौथ्यांदा बोलावलं तर त्याचा अपमान होतो. एक कुत्री मालकाचा मोजा तोंडात धरूनच फिरते, वाटेत कुणी कौतुक केलं तर मोजा त्याच्या पायाशी ठेवते आणि त्याने हात लावायच्या आत परत उचलते.

बटण समोरून येणाऱ्या माणसाच्या पँटची दुमड हुंगायचा. काका म्हणायचे, "त्याला कच्ची शिलाई कळते. माझ्याकडे तेरा वर्षं उमेदवारी केलीय त्याने."

काकांचा गुडघा गेलेला, म्हणून बटणाला मी फिरवायचे. तो आजारी पडला तेव्हा प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी माझी वही पाहिली. पानं उलटत त्या म्हणाल्या, "असं लिहून आणणारी तुम्ही पहिल्याच. एक काम कराल? रोज तो न थांबता किती मिनिटं चालतो ते लिहा. आणि चालून आल्यावर लगेच, मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजा. या दोन आकड्यांवर मला गोळी ठरवता येईल."

मी घरी येऊन वहीत नव्या पानावर दोन रकाने आखले. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी आरशात स्वतःकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

सुरुवातीला तो सहा मिनिटं चालला. श्वास बावन्न. मग अंगातलं पाणी कमी करणारी गोळी लागू पडली आणि महिन्याभरात तो बावीस मिनिटांवर आला. श्वास अडतीस. तिथे तो थांबला. काका रोज विचारायचे, "काय गं संशोधक, आज काय म्हणतो आकडा?" आणि मी सांगितलेला आकडा ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर खडूने लिहायचे. कापडावर खुणा करायचा, चपटा निळा खडू.

मग मी दोन नवे कुत्रे फिरवायला घेतले. सख्खे भाऊ, दीड वर्षांचे, अंगात नुसता वारा. वादळ आणि वावटळ अशी नावं मी त्यांना पहिल्याच दिवशी ठेवली. त्यांच्या मालकांना बटणाचीच वेळ हवी होती. बटणाला एकट्यालाच फिरवायचं, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. मी हो म्हणाले होते. आणि त्या दोघांच्या मालकांनाही हो म्हणाले.

पहिल्या दिवशी तिघांना घेऊन निघाले. पन्नास पावलांतच कळलं की हे जमणार नाही. ते दोघे पुढे ओढत होते, बटण मागे फरफटत होता आणि माझे हात दोन दिशांना ताणलेले. बागेच्या फाटकाशी एक झाड आहे, त्याच्या सावलीत मी बटणाला बांधलं. तिथून तो मला सतत दिसत होता, हे मी स्वतःला बजावलं. त्या दोघांना बागेभोवती तीन फेऱ्या मारून आणलं. परत आले तेव्हा बटण शांत बसला होता, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पँटच्या दुमडी तपासत.

घरी नेल्यावर मी त्याच्या बरगड्यांवर हात ठेवून श्वास मोजले. चोवीस. चोवीसच होते, मी दोनदा मोजले. मग पहिल्या रकान्यात लिहायला पेन टेकवलं आणि बावीस लिहिलं.

मला वाटलं होतं, उद्या काहीतरी व्यवस्था करू. उद्याही झाडच होतं. परवाही. श्वास चोवीस, पंचवीस, तेवीस. सगळे खरे. बसून राहिलेल्या कुत्र्याचे. त्यांच्या शेजारी बावीस, बावीस, तेवीस. तेवीस मी का लिहिलं ते मला माहीत आहे. सगळे आकडे सारखे आले की संशय येतो. प्रयोगशाळेत आम्ही अशीच चोरी पकडायचो.

अकरा दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी वही पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. "इतकं चालून श्वास चोवीस? अहो, हृदयाने मनावर घेतलंय. गोळी अर्धी करू. ती गोळी जास्त दिवस पूर्ण दिली की मूत्रपिंडांना जड जाते."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच झाड, तेच आकडे.

नऊ दिवसांनी काकांचा सकाळी सातला फोन आला. बटण रात्रभर खोकत होता, आडवा पडता येत नव्हता, बसूनच होता. मी दहाच्या सुमारास गेले तेव्हा त्यांची मुलगी आलेली होती. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, दवाखान्यात परिचारिका आहे, बोलायला तोडून. तिने नुकतंच बटणाला डॉक्टरीणबाईंना दाखवून आणलं होतं. छातीत पाणी. सुई देऊन उतरवलं होतं थोडं.

"डॉक्टर म्हणतात, नोंदी तर उत्तम आहेत," मुलगी सांगत होती. "मग गोळी चुकत असणार. बाबा, अर्धी गोळी तुम्ही कापता कशाने?"

"ब्लेडने. आणखी कशाने?"

"दाखवा बरं कापून."

काकांनी चष्मा लावला, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, गोळी ठेवली. त्यांनी आयुष्यभर माणसांच्या खांद्यांचा उतार नजरेने ओळखून कापड कापलं आहे. ब्लेड टेकवलं आणि हात थरथरला. गोळीचा एक मोठा तुकडा झाला, एक लहान, आणि थोडा चुरा.

मुलीने तुकडे गोळा करून मुठीत धरले.

"सुईत दोरा ओवता येत नाही दोन वर्षं झाली," काका म्हणाले. "गोळी कशी कापायला गेलो मी."

"बाबा, तुमची चूक नाहीये. पण आता झेपत नाही हे कबूल करा. माझ्या मैत्रिणीच्या ओळखीची एक जागा आहे गावाबाहेर, आजारी कुत्र्यांना ठेवतात. औषधं वेळेवर देतात. रविवारी मी गाडी घेऊन येते."

"तिथे मशीन आहे का?"

"कसलं मशीन?"

"शिवणाचं. त्याला आवाजाशिवाय झोप लागत नाही."

मुलगी खिडकीकडे वळली. नंतर तिने चहा केला, माझ्यासमोरही कप ठेवला, बशीत बिस्किटं ठेवली. मी एक खाल्लं. का खाल्लं मला सांगता येणार नाही. हात गेला आणि खाल्लं. बटण माझ्या पायाशी बसला होता, मान पुढे ताणून, प्रत्येक श्वासाला त्याचं पोट आत ओढलं जात होतं. मी मोजत नव्हते, तरी मोजले गेले. साठ.

निघताना काका म्हणाले, "तुझ्या वहीमुळे निदान कळलं तरी, की बिघाड माझ्याकडे आहे."

त्या दिवशी मी बाकीची कुत्री फिरवली. जावईबापूला मी दोनदाच बोलावलं आणि उचलून बाहेर आणलं, तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. मोजेवाल्या कुत्रीने मोजा माझ्या पायाशी ठेवला आणि मी पाहिलंच नाही. ती तो उचलायचीही विसरली, दोघी पुढे निघून गेलो, परत जाऊन शोधावा लागला. संध्याकाळी आई म्हणाली, "चेहरा उतरलाय, काही झालं का?" मी म्हटलं, ऊन लागलं. आईशी खोटं बोलायला मला वही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. सरळ सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून आडून गेले.

"समजा, बटणाचं चालणं मधे कमी झालं असेल तर?"

"कमी झालं असेल म्हणजे? तुम्हीच लिहिलंय ना, बावीस."

"हो. पण समजा, तो चाललाच नसेल. बसला असेल. आणि श्वास बसलेल्याचे मोजले असतील."

पलीकडे पाण्याचा नळ चालू होता, तो बंद झाल्याचा आवाज आला.

"किती दिवस?"

"वीस. सगळे नाहीत. बरेचसे."

"म्हणजे मी गोळी अर्धी केली ती त्यावर."

"हो."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "आजपासून गोळी पूर्ण. मी लगेच फोन करून तेवढंच सांगते. का, ते तुम्ही जाऊन सांगायचं. मी सांगणार नाही."

शनिवार होता. मुलगी काकांकडेच होती, बटणाच्या चादरी धुऊन घडी घालत होती, रविवारच्या तयारीने. मी दारातच सांगून टाकलं, बसले नाही. झाड, फाटक, ते दोघे भाऊ, रकाने, तेवीस. क्रमाने सांगितलं. चूक क्रमाने सांगितली की लहान वाटते की काय अशी मला कुठेतरी आशा होती. तशी ती वाटली नाही.

मुलीच्या हातातली चादर तशीच राहिली. "काल तुम्ही इथेच बसला होतात," ती म्हणाली. "ह्या खुर्चीत. मी बाबांना गोळी कापायला लावली, ते बघत बसला होतात. बिस्किट खाल्लंत."

"हो."

"आणि त्यांनी तुमचे आभार मानले."

"हो."

"मी माझ्या बापाला माझ्यासमोर परीक्षेला बसवलं," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता, आणि चादर घेऊन आत गेली. आतून तिने नाक शिंकरल्याचा आवाज आला.

काका कॅलेंडरसमोर उभे होते. पाठमोरे. निळ्या खडूने लिहिलेले आकडे एकेका चौकटीत होते, शिंप्याच्या सुबक, तिरप्या अक्षरात. ते वळले आणि त्यांनी खडू माझ्यापुढे धरला.

"ह्यातले खोटे खोडा."

तोवर ते मला अगं-तुगं करत होते.

मी पहिला आकडा खोडला. दुसरा, तिसरा. चौथ्याशी थांबले. त्या वीस दिवसांत तीनदा तरी ते दोघे भाऊ आले नव्हते आणि मी बटणाला खरंच चालवलं होतं. नीट, एकट्याला. एकदा तर तो पोस्टाच्या पेटीपर्यंत गेला होता. पण कुठले ते तीन दिवस, ते आठवेना. वही काढून पाहिली. वहीत सगळे सारख्याच शाईत, सारख्याच हाताने. खरे खोट्यांपासून वेगळे करायला काहीच खूण मी ठेवली नव्हती.

"सांगता येत नाही," मी म्हणाले.

"मग सगळे खोडा."

मी वीसही खोडले. खडूची भुकटी माझ्या चपलेवर पडली.

"रविवारी येऊ नकोस गाडी घेऊन," काकांनी आतल्या खोलीकडे तोंड करून सांगितलं. "गोळी पूर्ण द्यायचीय आता. पूर्ण गोळी मला देता येते."

आतून कपाट उघडून चादरी परत ठेवल्याचा आवाज आला.

मी विचारलं, उद्या येऊ का. त्यांनी नको म्हटलं असतं तर ते मला समजलं असतं. ते म्हणाले, "मला त्याला नेता येत नाही. तुम्हाला माहितीये ते."

त्या दोन भावांच्या मालकांना मी त्याच दुपारी फोन करून दुसरं कुणी बघायला सांगितलं. कारण विचारलं तेव्हा म्हटलं, माझ्या हातून होत नाही. हे निदान खरं होतं.

डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यानुसार पुढचे सहा दिवस बटणाने घराबाहेर पाय टाकायचा नव्हता. सातव्या दिवशी मी गेले तेव्हा काका घराच्या फाटकाशी उभे होते, पायात बूट, एका हातात काठी, दुसऱ्या हातात मनगटावरून काढलेलं घड्याळ. मी बटणाला पट्टा लावला. तिघं निघालो, कोण कुणासाठी हळू चालतंय हे सांगता येऊ नये इतक्या हळू. पहिला दिव्याचा खांब गेला. एक माणूस समोरून आला, बटणाने त्याच्या पँटची दुमड हुंगली, पास केला. दुसऱ्या खांबाच्या अलीकडे बटण थांबला आणि बसला.

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी घड्याळ तळहातात झाकून धरलं होतं.

"किती झाली?" मी विचारलं.

"तुम्ही सांगा."

"चार."

त्यांनी मूठ उघडून पाहिलं. "लिहा."

मी लिहिलं. मग गुडघ्यांवर बसून बटणाच्या बरगड्यांवर हात ठेवला. काका काठीवर जोर देऊन कसेबसे वाकले आणि त्यांनी दुसऱ्या बाजूने हात ठेवला. त्यांचे ओठ हलत होते. मिनिट संपलं.

"शेहेचाळीस," मी म्हणाले.

"सत्तेचाळीस."

मी पेन धरून थांबले.

"दोन्ही लिहा," काका म्हणाले.