झुंबरची झडती

सातपूरच्या त्या स्विच बनवणाऱ्या कारखान्यात चांगुणाला नऊ वर्षं झाली होती. अकरा बायकांच्या टेबलावर सगळ्यांत जुनी तीच. पितळी पट्टीवर चांदीची बारीक टिकली बसवायची, हे त्यांचं काम. नवी बाई आली की चिमटा कसा धरायचा ते चांगुणाच शिकवायची. झुंबरलाही तिनंच शिकवलं होतं. झुंबर निफाडकडची, नवरा वारल्यावर भावाकडे राहायला आलेली. कामावर लागून तिला जेमतेम दोन महिने झाले होते आणि जेवणाच्या सुट्टीत ती चांगुणाच्याच शेजारी बसायची.

एक्क्याऐंशी सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. साडेचारचा भोंगा झाला, बायका हात धुवायला उठल्या, तेवढ्यात निकुंभ साहेब आत आले. निकुंभ सुपरवायझर होते. त्यांनी कधी कुणावर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशीही ते हळूच म्हणाले, "जरा थांबा सगळ्या. टिकल्यांची एक पुडी सापडत नाहीये. चांगुणाबाई, तुम्ही जुन्या. झडती घ्या."

"मला नका सांगू साहेब."

"मग काय गेटवरच्या शिपायाला सांगू? बाईमाणसानं घेतलेली बरी. जबाबदारी माझी."

एवढं बोलून ते बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. दाराच्या काचेतून त्यांची पाठ तेवढी दिसत होती.

चांगुणानं आधी स्वतःची पिशवी टेबलावर उलटी केली. मग एकेकीची पाहिली. झुंबरची पाळी आली तेव्हा तिनं पिशवी छातीशी धरली.

"दे की," रंगूबाई म्हणाली.

"ताई, हिच्यात काय नाय वो."

"मग दे."

कुसाबाईनं पिशवी ओढून घेतली. आत एका फडक्यात भाकरीचे तुकडे निघाले. दुपारी बायकांनी कचऱ्याच्या डब्यात टाकलेले, कुणी अर्धे खाल्लेले. एक बाई हसली. चांगुणाला त्या हसण्याचा राग आला. पण राग उतरला तो झुंबरवर. ही अशी पिशवी लपवते, म्हणून तर संशय येतो!

"अंबाडा सोड," ती म्हणाली.

झुंबरनं सोडला. मग चांगुणानं तिच्या पोलक्याच्या बाह्या चाचपल्या. बाया जवळ सरकल्या होत्या, त्यांचं कडं झालं होतं. चांगुणानं एकदा दाराकडे पाहिलं. साहेबांची पाठ तशीच होती. मग तिनं झुंबरच्या कमरेला हात घातला आणि निऱ्या ओढल्या.

"ताई, तुमी तरी नका वो!"

चांगुणाचा हात टिकली बसवताना असायचा तसाच स्थिर होता. साडी सुटून खाली पडली. झुंबर परकरावर उभी होती, दोन्ही हात छातीशी, आणि दहा बाया तिच्याकडे बघत होत्या.

पुडी नव्हती.

बाहेर पावलं वाजली. स्टोअरमधल्या बहिरूचा आवाज आला, "साहेब, पुडी आमच्याकडंच हाय. सकाळी वजनाला नेली ती परत द्यायची राहिली."

निकुंभांनी दार न उघडताच सांगितलं, "मिळाली हो! निघा आता, बस चुकेल."

बाया पिशव्या उचलून निघाल्या. झुंबर पाठमोरी होऊन साडी नेसत होती. चांगुणाला तिच्याजवळ जावंसं वाटलं, पण ती बाकीच्यांबरोबर बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी झुंबर आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी चांगुणा निकुंभांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, तुम्ही सांगितलं म्हणून मी तिची साडी सोडली. आता ती येत नाही. तुम्ही एकदा तिच्या घरी चला."

निकुंभ खुर्चीतून उठलेच. "साडी? चांगुणाबाई, काय बोलताय? मी झडती म्हणालो. पिशव्या बघायच्या असतात हो! साडी सोडा असं मी कधी म्हणालो?"

चांगुणानं त्यांचे शब्द मनात पुन्हा पुन्हा आठवून पाहिले. झडती घ्या. जबाबदारी माझी. त्यात साडी कुठेच नव्हती.

मग कोण म्हणालं होतं? कुणीतरी म्हणालं होतं, याबद्दल तिला खात्री होती. तिनं कुसाबाईला विचारलं. कुसाबाई म्हणाली, रंगू म्हणाली असेल. रंगूबाई चांगुणावरच भडकली. "माझ्यावर ढकलू नको. तूच म्हणालीस."

रविवारी चांगुणा शोधत शोधत झुंबरच्या भावाच्या घरी गेली. झुंबर ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

"झुंबर, मला एवढंच सांग. कमरेला बघ असं कोण म्हणालं? तुझ्या तर कानाशीच सगळं चाललं होतं."

झुंबरनं सूप खाली ठेवलं. "कोनी नाय म्हनलं."

"असं कसं? कुणीतरी..."

"कोनीबी नाय. समद्या गप हुत्या. तुमी दाराकडं बघितलं आन मंग हात घातला."

चांगुणा ओट्याच्या कडेला बसली. चार दिवस ती ज्या आवाजाचा शोध घेत होती, तो आवाज नव्हताच. तिला कुणी ढकललं नव्हतं, कुणी दम दिला नव्हता. बंद दारापलीकडची एक पाठ आणि भोवती नऊ गप्प बाया, एवढ्यावर तिनं एका विधवेची साडी सोडली होती.

"माफ कर," ती कशीबशी म्हणाली.

"ताई, माफीचं नंतर बघू," झुंबर म्हणाली. "म्या घरी काय सांगितलंय ठावं हाय? काम जमंना म्हनून काढलं. खरं तुमी तिथं कामावर सांगा. समद्यांसमोर."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत चांगुणा निकुंभांना टेबलाशी घेऊन आली आणि उभ्यानंच बोलली. "झुंबरची साडी मी सोडली. मला कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी नाही, तुमच्यातल्या कुणीही नाही. मी आपणहून सोडली."

निकुंभ जमिनीकडे बघत राहिले. रंगूबाई डबा उचलून तरातरा निघून गेली. मग कुसाबाईच्या तोंडून हुंदका फुटला.

"ती वळायला लागली होती," कुसाबाई म्हणाली. "मी तिचा पदर धरून ठेवला होता."

हे चांगुणाला आठवतसुद्धा नव्हतं.

निकुंभ झुंबरच्या घरी जाऊन आले, भावासमोर हात जोडून आले. झुंबर मात्र त्या टेबलावर परत आली नाही.