वरवंट्याचं विष

परातीत पाणी लालभडक उतरलं आणि ओट्यावर जमलेल्या सगळ्या गल्लीने हात जोडले. अंगातलं विष उतरवणाऱ्या लोटनबाबाने धीरजच्या जखमी हाताला त्याच्याच घरची हळद चोळली होती आणि वरून आपल्या तांब्यातलं नितळ पाणी ओतलं होतं. मग हा रंग विषाचाच, यात कोणाला शंका?

"देखा, इस कसं निंघी ऱ्हायनं," बाबा म्हणाला. "आते अंग कापी, ताप चढी. घाबरू नका. ते इस निंघानी खूण शे."

केळीचे घड उतरवताना कोयता धीरजच्या तळहातात घुसला होता. जखमेपासून एक लाल रेघ दंडापर्यंत चढली आणि काखेत गाठ सुजली; गावात तिला अवधान म्हणत, अंगात चढलेलं विष. बायको हेमांगी दवाखान्याचं म्हणत होती. "अवधान दवाखानामा उतरत नही, बाई," सासू जसोदाबाईंनी सांगितलं. परातीतला लाल रंग पाहून हेमांगीनेही आग्रह सोडला.

धीरजचे दात वाजू लागले, तेव्हा घरच्यांना उलट आशाच वाटली. बाबाने बोलण्यात सोयच तशी करून ठेवली होती: माणूस जितका खचेल तितका गुण आला म्हणायचं. शेवटी शुद्ध हरपली तेव्हा त्याला शहाद्याच्या दवाखान्यात नेलं. जखमेतले जंतू रक्तात भिनले होते. "काल आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. धीरज गेला.

दिवसकार्य उरकल्यावर हेमांगी धीरजला हळद चोळताना हाताखाली अंथरलेला टॉवेल धुवायला बसली. साबण लागताच हळदीचा पिवळा डाग लाल झाला. हळदीचे डाग साबणाने लाल होतात हे ती लहानपणापासून पाहत आली होती. त्या दिवशी मात्र तिला ते आठवलं नव्हतं. ती मोरीतच तोंडात पदर कोंबून रडली.

मग शेजारच्या रूपालीच्या मुलीला, मोहिनीला, पायाच्या जखमेने जांघेत अवधान आलं. पुन्हा बाबा, पुन्हा परात, पुन्हा गर्दी. हेमांगीने हळद फासलेला वरवंटा परातीत ठेवला आणि बाबाच्या हातचा तांब्या हिसकावून त्यावर रिकामा केला. पाणी लालभडक झालं.

"वरवंटाले बी अवधान उनं का, बाबा?"

"बाई दुखमा येडी व्हयनी," बाबा पुटपुटला.

"तांब्यामा चुनानी निवळी शे. हळदवर पडनी का लाल व्हस. कुकू असंच बनस." ती लोकांकडे वळली. "लाल रेघ चढनी, गाठ उनी, थंडी वाजनी, का दवाखानामा पळा. त्याले औषध शे. येळवर गया तं माणूस वाचस."

जसोदाबाई गर्दीतून पुढे आल्या. "मंग मन्हा धीरज वाची जाता का, बाई?"

हेमांगीला खोटं बोलता आलं असतं. म्हातारीचा जीव तेवढाच शांत राहिला असता.

"हां, आई. वाची जाता."

जसोदाबाई परातीजवळ बसलेल्या रूपालीकडे वळल्या. बाबा केव्हा निसटला ते कोणी पाहिलंही नाही. जसोदाबाईंनी रूपालीचा हात धरला.

"ऊठ, माय. गाडी काढाले सांग. तुन्ही पोर अजून जित्ती शे."